पहिलं बरं की दुसरं?

६ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. भाऊ काठी घेऊन जिन्यापर्यंत चालतो हे वाचून जीव भांड्यात पडला. पान उलटलं आणि तो भांड्यातून बाहेर आला.

तू लिहितेस, तुझ्या चिरंजीवांनी रविवारी बापासमोर बसून विचारलं की चष्म्याचं दुकान सोडायचं का, शेजारच्या औषधवाल्याला जागा हवीच आहे, एक तारखेला ताबा देऊन टाकू. भाऊ आधी हो म्हणाला, मग नाही, मग परत हो. आणि तुम्ही दोन विरुद्ध एक असा निकाल लावलात. ही काय निवडणूक आहे? त्याच पत्रात चार ओळी खाली लिहितेस की चहा हवा का विचारलं तर नाही म्हणतो आणि कप रिकामा करतो. म्हणजे चहाच्या नाहीवर तुझा विश्वास नाही, पण चौतीस वर्षांच्या दुकानाच्या होवर आहे.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, की झटक्याने मेंदूतली शब्दांची जागा दुखावली आहे, अक्कल शाबूत आहे. हो आणि नाही तोंडातून निघताना अदलाबदल होऊ शकतात. तू मान डोलावत होतीस. ती काय डास हाकलायला? मला विचारशील तर त्याला दुकान मुळीच सोडायचं नाही. पैज लावते.

पाय प्लास्टरमध्ये नसता तर हे तिथे येऊन ऐकवलं असतं. फोन करत नाही, कारण तुम्ही मायलेक एकदम बोलता. टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं काढली, असली लाईन पाहिली नाही.

लोभ आहे म्हणूनच राग आहे. दोन्ही पदरात घे.

तुझी,
वन्सं

११ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी मी वाचलं, मग मुलाने. तो म्हणाला, आत्याला लांबून सगळं सोपं दिसतं. वन्सं, तो वाईट नाही हो. नोकरीवर जायच्या आधी दुकान उघडून झाडतो, आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवतो, पुन्हा कुलूप लावतो. थकलाय.

ह्यांच्या तोंडी सध्या एकच शब्द बसलाय, गुरुवार. मीठ हवं तर गुरुवार, पाठ खाजवायची तर गुरुवार. सुरुवातीला आम्ही हसलो, तेही हसले. पण परवा खिडकीपाशी गेले, एक दार लावलं, दुसरं उघडं ठेवलं आणि माझ्याकडे बघून गुरुवार म्हणाले. वारा नको असेल म्हणून मी दुसरंही लावलं. त्यांनी उघडलं. उकडत असेल म्हणून मी दोन्ही उघडली. असं अकरा वेळा झालं आणि त्यांनी काठी फेकली. काय हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांच्या कानाशी ओरडून बोलतात, जणू बहिरे झालेत. मीही काही कमी नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी आल्या तेव्हा घड्याळ लावून बसल्या होत्या; अर्ध्या तासात मी एकोणीस वेळा ह्यांच्या वतीने उत्तर दिलं म्हणाल्या.

खरं सांगू? त्यांचा हो ऐकून मला बरं वाटलं होतं. गिऱ्हाइकासमोर ते गुरुवार म्हणाले आणि कोणी हसलं, तर मला ते बघवणार नाही. आता रागवा.

रागावून झालं की मायाही पाठवा.

तुमची,
वहिनी

१५ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

रागावत नाही. एकोणीस हा आकडा वाचून माझीच मान खाली गेली. गेल्या महिन्यात फोनवर मी त्याच्याशी दहा मिनिटं बोलले. त्याला एक अक्षर बोलू दिलं नाही आणि वर तुला सांगितलं की छान गप्पा झाल्या.

आता ऐक. भाऊ डोळे कसे तपासतो? दिसतं का, असं तो कधी विचारत नाही. एक भिंग घालतो, मग दुसरं, आणि पहिलं बरं की दुसरं एवढंच विचारून गप्प उभा राहतो. मग गुपचूप भिंगांची अदलाबदल करून परत विचारतो, कारण निम्मी माणसं भिडेपोटी हो म्हणतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच्याकडे इंग्रजी ई अक्षरासारख्या तीन पायांच्या खुणेचा तक्ता आहे; पाय कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. मला एकदा म्हणाला होता, गिऱ्हाईक कधीच चुकत नाही ताई, विचारणारा चुकतो.

तसंच विचारा. दुकानाचे दोन फोटो काढा, एक उघड्याचा, एक बंदचा. जोडीला एक कोरं कार्ड ठेवा, तिसरंच काही असेल तर. जागा बदलून परत विचारा. आणि मधे वीस आकडे मोजेपर्यंत तोंड बंद. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर जेवताना बोलू देत नसत. मला जमलं नाही, तुला जमेल.

कळव, आणि घाईने कळव. एक तारीख काही थांबणार नाही.

तुझी,
वन्सं

२५ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पैज हरलात. आम्हीही हरलो.

फोटो मांडले. त्यांनी बंद दुकानावर बोट ठेवलं. जागा बदलली, तर उघड्यावर. मुलगा उठलाच, म्हणाला, बाबांना कळत नाहीये. मी त्याला बसवलं आणि आढ्याकडे बघत मोजायला लागले. चौदाला जीभ शिवशिवत होती. सतराला त्यांनी दोन्ही फोटो सरकवून कोरं कार्ड उचललं. मग उघड्या दुकानाचा फोटो घेतला, डाव्या हाताने मांडीवर दाबून मधोमध दुमडला आणि घडीवर फाडला. काउंटरचा भाग मुलाच्या हातात दिला आणि त्यात दिसणाऱ्या औषधवाल्याच्या भिंतीकडे बोट केलं. मागच्या खोलीचा, तपासायच्या खुर्चीचा भाग स्वतःच्या तळव्याखाली धरला. मग उठले, खिडकीचं एक दार लावलं, दुसरं उघडं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

अर्धं, वन्सं. अकरा वेळा ते मला अर्धं सांगत होते. त्यांचा होही खरा होता आणि नाहीही.

मुलाने खात्री म्हणून दोन्ही तुकडे उलटसुलट मांडून परत विचारलं. उत्तर तेच. बाप त्याच्याकडे असा बघत होता जणू पोरगा आज धंदा शिकला. औषधवाल्याला रस्त्याकडची बाजूच हवी होती. मागच्या खोलीला बोळातून दार आहेच.

शनिवारी ते मला तिथे घेऊन गेले आणि खुर्चीत बसवलं. माझा चष्मा सहा वर्षांचा. भिंग घालायचे, भुवई उचलायचे. मी एक बोट किंवा दोन बोटं दाखवायची. चौथ्या भिंगाला त्यांच्या तोंडून सबंध वाक्य आलं, पहिलं बरं की दुसरं. मी दुसरं म्हणाले. त्यांनी अदलाबदल केली आणि परत विचारलं, तसंच, स्वच्छ. बाई म्हणतात, वर्षानुवर्षं घोटलेली वाक्यं अशी परत येतात. इतर शब्दांना वेळ लागेल. गिऱ्हाइकांचे नंबर मी लिहून घ्यायचे असं ठरलं आहे.

घरी येताना विचारलं, भूक लागली का. म्हणाले, गुरुवार. मी वाढलं, ते जेवले.

पाय जपा, आणि आम्हाला असंच धारेवर धरत राहा.

तुमची,
वहिनी

२ मार्च

चि. भावास,
अ. उ. आ.

महिनाभर मी तुझ्याविषयी सगळ्यांना पत्रं लिहिली, तुला एकही नाही. लोक तुझ्या डोक्यावरून बोलतात म्हणून जगाला झोडपलं आणि मी तेच केलं. हे पत्र तुझं आहे. वहिनी वाचून दाखवेल. मधे बोलणार नाही.

प्लास्टर सोमवारी निघतंय. खाली तीन चौकोन काढलेत. एकावर बोट ठेव. मग वहिनी जागा बदलून परत विचारेल.

☐ ताईने लगेच यावं.
☐ ताईने पाय बरा झाल्यावर यावं.
☐ तिसरंच काही.

माझाही नंबर वाढलाय. तुझ्या खुर्चीत बसेन आणि विचारशील तेवढंच बोलेन.

उत्तराची घाई नाही. मी मोजते आहे, आणि वीसनंतरही थांबेन.

तुझी,
ताई