बायोडेटातली नोकरीची ओळ

दौंड, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सतीश यास मच्छिंद्रमामाचा सप्रेम जय भीम आणि भरपूर आशीर्वाद.

वि. वि. आम्ही सगळे ठीक. इंजिनांच्या शिट्ट्यांनी माझे कान खाल्ले, फोनवर तू एक बोलतोस आणि मी दुसरंच ऐकतो, म्हणून आपलं पोस्टच बरं.

बातमी गोड आहे. वरवंडच्या हौसरावांचा होकार आला. त्यांची तेजश्री तू विहारातल्या कार्यक्रमात पाहिलीस आणि नंतर चार दिवस गप्प गप्प होतास, असं तुझ्या आईने सांगितलं. मुलगी नर्स आहे. लग्न ठरलं की तिथली नोकरी सोडून शिरूरला येईल. त्यांची अट एकच, मुलगा परमनंट हवा. मी छाती ठोकून सांगितलं, आमचा सतीश पाच वर्षं रांजणगावला परमनंट आहे.

बायोडेटा मीच इंग्रजीत लिहिला. नोकरीच्या ओळीत परमनंट लिहिताना शेवटच्या ‘ई’च्या जागी ‘ए’ पडला, तर आमच्या प्राचीने लाल पेनाने खाडकन कापला. शाळेत इंग्रजी शिकवते ना, घरीही पेपर तपासते. म्हणाली, जन्म रेल्वेत काढला आणि हा शब्द धड लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहिता नाही आला, पण मिळवला की नाही?

दोन मार्चला, रविवारी साखरपुडा. नवा शर्ट शिवून घे. लोभ आहेच, तो पोचतोय असं समज.

तुझा
मच्छिंद्रमामा


शिरूर, ८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सतीशचा सविनय जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. मामा, ती ओळ काढायला लावा. मी परमनंट नाही. कधीच नव्हतो.

मी कंपनीत जातो, पण कंपनीचा नाही, ठेकेदाराचा आहे. सात महिने झाले की ब्रेक देतात, गेटपास काढून घेतात आणि दीड-दोन महिन्यांनी गरज लागली तर पुन्हा बोलावतात. माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस परमनंट आहे. तो जे करतो तेच मी करतो, फक्त त्याचा शर्ट निळा आणि माझा खाकी.

लागलो तेव्हा मी पेढे आणले आणि तुम्ही तुमच्या गल्लीत वाटताना परमनंट म्हणालात. मला तेव्हाच अडवायला हवं होतं. तुमचा चेहरा बघून जीभ उचलली नाही. आईलाही अजून माहीत नाही. ब्रेक असला की मी शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन निघतो. कुठे हमाली मिळाली तर करतो, नाहीतर लांबच्या एसटी स्टँडवर बसून संध्याकाळ करतो.

येत्या एक मार्चपासून पुन्हा ब्रेक आहे, म्हणजे साखरपुड्याच्या आदल्या दिवसापासून. तेजश्री माझ्या भरवशावर हातची नोकरी सोडणार. हे पाप मला झेपणार नाही. मला ती फार आवडली, म्हणून तर अजिबात झेपणार नाही. हौसरावांना कळवाल का? रागवा, पण अंतर देऊ नका.

आपला
सतीश


दौंड, १३ फेब्रुवारी २०२५

चि. सतीश यास जय भीम.

तुझं पत्र वाचून डोकं सणकलं. इतकी वर्षं मला गल्लीत छाती फुगवून मिरवायला लावलंस! पण झालं ते झालं. आता तोंडाला कुलूप लाव.

तुला आज सांगतो, हे कोणालाच माहीत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मीही कॅज्युअल लेबर होतो. बोलावलं तर काम, नाहीतर घरी. सासऱ्यांना परमनंट सांगितलं. पुढे आठ वर्षांनी झालोच की नाही? तुझ्या मामीला आजतागायत पत्ता नाही. काय बिघडलं? संसार सोन्यासारखा झाला. लग्नात थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं. तूही होशील परमनंट. वरवंडला एक अक्षर बोललास तर माझं नाक कापलं जाईल, हे ध्यानात ठेव.

रागात लिहिलं तरी माया तीच आहे.

मच्छिंद्रमामा


दौंड, १५ फेब्रुवारी २०२५

सतीशबाळा, जय भीम. तुझी कस्तुरामामी बोलतीया आन् प्राची लिहितीया. मी बोलंन तसंच लिही म्हणून सांगितलंय तिला. तुझा मामा बाजारात गेलाय.

तुझं पत्र पोरीनं मला वाचून दावलं. मामाचं पत्र तिनंच टपालात टाकलं, पर आदी मला वाचून दावलं. त्यांना वाटतं मला ठावं न्हाई. मला चाळीस वरसं ठावं हाय.

लगीन झालं तवा मी रोज डबा बांधून द्यायची. हे सकाळी निघायचं, सांजच्याला यायचं. एकदा आमचा थोरला, नागसेन, तापानं फणफणला. वरीसभराचा बी नव्हता. मी त्याला काखंत घेऊन ह्यांना बोलवाया ठेसनावर पळाले. तर हे मालधक्क्याच्या पल्याड झाडाखाली एकटंच डबा खात बसलेलं. तितल्या माणसानं सांगितलं, ह्याला चार महिनं बोलावलंच न्हाई. म्या हाक न्हाई मारली. मागं फिरले. पोराला एकटीनंच दवाखान्यात नेलं.

त्याच्या म्होरं सहा वरसं मी रोज इचारायची, आज लई काम हुतं का. आन् ते व्हय म्हणायचं. परमनंटचा कागद आला तवा गल्ली नाचली आन् मी रडले. लोकांला वाटलं, आनंदानं रडतीया. बाळा, दोघं मिळून सोसलं असतं तर निम्मं झालं असतं. त्या पोरीला माज्या जागी बसवू नगं.

ता. क. दादा, मी प्राची. हे आजवर मलाही माहीत नव्हतं. वर्गात मुलांना बजावते की विशेषण लावण्याआधी ज्याला लावायचं तो नीट बघा. आणि त्या बायोडेटात मी नुसतं स्पेलिंग बघितलं. तुझ्या नोकरीबद्दल एकदाही विचारलं नाही. चुकलं माझं.


शिरूर, २६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सविनय जय भीम.

तुमचा शब्द मोडला. रविवारी वरवंडला गेलो आणि तेजश्रीसमोर हौसरावांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, रागावले नाहीत. बायोडेटा घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि मुलीच्या बापाचं काळीज समजून घ्या म्हणाले. साखरपुडा मोडला.

तेजश्री फाटकापर्यंत आली. तिने विचारलं, घरी आईला तरी खरं माहीत आहे का. मी नाही म्हणालो आणि डब्याचंही सांगितलं. ती म्हणाली, कंत्राटी नोकरी मी चालवून घेतली असती, पण रोज आईसमोर डबा घेऊन निघणाऱ्याचं काय करू. मामा, हे ऐकल्यापासून जेवण जात नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने एवढंच विचारलं, की त्या दिवसांत उन्हात बसायचास का.

लहान तोंडी मोठा घास घेतो. मामींना तुमचं खरं सांगून टाका. माझ्यासाठी तरी सांगा. तुमचा हात डोक्यावर असू द्या, एवढंच मागणं.

आपला
सतीश


दौंड, ५ मार्च २०२५

चि. सतीश यास जय भीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ओट्यावर बसून तुला शिव्या घातल्या. काल वरवंडला जाऊन आलो. खोटं माझ्या हातचं होतं, मुलाच्या नाही, असं हौसरावांना सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले. बाकी विषय निघाला नाही. ते स्थळ गेलं, सतीश. मी घालवलं.

परत येऊन तुझ्या मामीसमोर बसलो आणि बोललो. ती भाजी निवडत होती. निवडून झाली, देठं सुपात भरली आणि मग तिने मला मालधक्क्याचं सांगितलं.

तिला माहीत होतं, याचं मला विशेष वाटलं नाही. पण मी तिथे झाडाखाली सावकाश जेवत होतो तेव्हा माझ्या पोराला एकशेतीन ताप होता, हे मला काल कळलं.

मामा