कासवीण, ऑक्टोपस आणि निपाणीचं स्थळ

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. २५-१-१९९९

चि. सौंदर्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आप्पांची उजवी बाजू अजून लुळीच आहे, बोलणंही नाही. उठवणं, अंघोळ, भरवणं उरकून मी जेवायला बसते तोवर तीन वाजतात, भाकरी वाळून गेलेली असते. दमले गं, खोटं कशाला सांगू? निपाणीचं स्थळ बरं आहे, मास्तर आहेत. शिवरात्रीपर्यंत निरोप मागितलाय. पण मी गेल्यावर आप्पांना कोण बघणार? नाहीच कळवते. तू तुझे मासे बघ. घरात अंडं चालत नाही आणि पोरगी माशांच्या कॉलेजात, गल्ली अजून हसते की.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का, पवित्रा

रत्नागिरी
दि. ३-२-१९९९

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

एवढ्यात नाही कळवू नकोस. सरांनी मला दोन आयांची तुलना लिहायला दिलीय. कासवीण वाळूत शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि मागं न बघता समुद्रात निघून जाते. ऑक्टोपसची मादी अंड्यांपाशीच बसते, त्यांच्यावर पाणी फुंकत राहते, काही खात नाही. पिल्लं बाहेर पडली की मरते. लिहिताना तुझी वाळकी भाकरी डोळ्यांसमोर आली. चार वर्षं मी मजेत पोहतेय, लाज वाटली मला. परीक्षा एप्रिलात संपते. मग मी घरी येते, नोकरी तिथंच बघते. तू निपाणीला हो म्हण.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी सौंदर्या

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ११-२-१९९९

चि. सौंदर्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीसारखं आप्पांना मोठ्यानं वाचायला घेतलं. पुढं काय लिहिलंयस ते मला तरी कुठं ठाऊक? ऑक्टोपसपाशी अडखळले, तरी शेवटपर्यंत वाचलं. आप्पा भिंतीकडं बघत राहिले.

दुपारी मी भरवायला ताट घेऊन बसले तर आप्पा तोंडच उघडेनात. दुखतंय का विचारलं, आमटी आळणी झालीय का विचारलं. पाणीसुद्धा नको. वैतागून मी नको ते बोलले. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि घास माझ्याच तोंडाकडं ढकलला. मी रडत रडत अख्खी भाकरी खाल्ली. ती संपल्यावरच त्यांनी तोंड उघडलं.

निपाणीला होकाराचं कार्ड आजच टाकलं. परीक्षा झाली की ये. आणि त्यांना भरवायच्या आधी तू जेवायचंस, नाहीतर ते घास घेणार नाहीत.

वाट बघतो आम्ही दोघं.
तुझी अक्का, पवित्रा