त्यांचा कॅप्टन मी सांगायचे

आई, तुझा नियम मी मोडला. मेसमध्ये जेवायला येणाऱ्या मुलाच्या घरी कधी फोन करायचा नाही, हा नियम. तू गेल्यावर इतकी वर्षं मेस चालवली, भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी भांडले, पण ही एक गोष्ट तुझ्या शब्दाबाहेर जाऊन केली नव्हती. आता केली. आणि तू आत्ता समोर उभी असतीस, कमरेवर हात ठेवून, तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं की बरं केलं मी. चिडायचं तर खुशाल चीड. तुझ्या चिडण्याला घाबरायचं माझं वय राहिलं नाही, मीच आता तुझ्या वयाला येऊन पोचले आहे.

नियम कुठून आला ते मी विसरलेली नाही. मी दहावीत आहे. अभ्यास कर म्हणून तू मला आतल्या खोलीत बसवलं आहेस आणि मी दाराच्या फटीतून बाहेर बघते आहे. बाहेर मुलांची पंगत बसली आहे. त्यातला एक, तो उंच, नेहमी भात मागून घेणारा, खोलीवर पत्ते खेळतो, घरून आलेले पैसे त्यात घालवतो, हे तुला कळलं होतं. तू भल्या मनानं त्याच्या वडिलांना कळवलंस. तुला वाटलं, येतील, समजावतील. ते आले ते पायातली चप्पल हातात घेऊनच. सगळ्यांच्या देखत त्याला मारत होते आणि तू हातातली वाटी तशीच धरून "अहो, निदान जेवू द्या त्याला" म्हणत मधे जात होतीस. तो खरकट्या हातानं ताटावरून उठला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही, कॉलेजातही नाही. संध्याकाळी तू मला जवळ बसवून सांगितलंस, "आपण जेवायला घालायचं. कुणाचे आईबाप व्हायला जायचं नाही." पुढे एकदा मी कुठल्याशा मुलाच्या आईला, तो सिगारेट ओढतो म्हणून सांगितलं, तेव्हा तू मला काय काय बोललीस! "तुला कुणी पंच नेमलंय?" म्हणालीस आणि कितीतरी दिवस मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाहीस. पोळी लाटायची परवानगी नाही, ही शिक्षा जगात फक्त तूच देऊ जाणे.

आता मेसला येणारी मुलं वेगळी आहेत. इंजिनिअरिंगची आहेत, क्लासची आहेत, हिंजवडीला कंपनीच्या बसनं जाणारी दोन-चार आहेत. पत्ते कुणी खेळत नाही. पत्ते म्हटलं तर हसतील. क्रिकेटचा सीझन आला की मात्र संध्याकाळी टॉसच्या वेळी माझ्या मेसमध्ये एकही घास कुणाच्या तोंडात जात नाही. तुला कळेल असं सांगते. सामना सुरू होण्याआधी मोबाइलवर दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू निवडायचे. त्यातल्या एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट धरतात. त्यावर पैसे लावायचे. आपले अकरा इतरांच्या अकरांपेक्षा चांगले खेळले तर पैसे मिळतात, नाहीतर गेले. टॉस झाला की खरोखर कोण खेळणार ते कळतं, म्हणून तेव्हा सगळी घाई. डाव्या हातात मोबाइल, उजवा हात आमटीत बुडालेला तसाच. मी ओरडायचे, "पोळ्या गार होतायत, तुमच्या कॅप्टनला म्हणावं ये आणि खा!" तर एक दिवस त्यातलाच एकजण म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा ना कॅप्टन." त्यानं नावं वाचली. एका खेळाडूचं नाव अगदी आपल्या प्लंबरचं होतं, तो नळ गळतो म्हणून चार वेळा येऊनही गळती तशीच ठेवणारा. मी म्हटलं, "याला करा, याला तरी काही काम करू दे." आणि आई, तो खेळाडू त्या दिवशी असा खेळला म्हणून सांगू! मुलं नाचायला लागली. तेव्हापासून रोज विचारायला लागली, काकूंची जीभ लकी आहे म्हणून. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. या वयात बाईचं मत विचारतो कोण?

सगळ्यात जास्त विचारायचा तो बार्शीकडचा मुलगा. दुसऱ्या वर्षाला होता, वडील तिथल्या शाळेत क्लार्क. हुशार, बडबड्या. मी वाढत असताना मला समजावून सांगायचा, मैदान कसं आहे, दव किती पडेल, कुठला गोलंदाज कुठल्या बाजूला चालतो. मी म्हटलं, "अरे, हा जुगारच की!" तर चिडला. "काकू, जुगार वेगळा. हे स्किल आहे. टीव्हीवर इतके मोठे खेळाडू सांगतात ते काय वेडे आहेत?" आता त्या जाहिराती मीही बघत होते. शेवटी एक माणूस सांगायचा की याची सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा, पण इतक्या घाईघाईनं, की त्याच्यामागे कुत्रं लागलंय की काय असं वाटावं. मुलांची घरं धुऊन न्यायची आणि वर सावध केल्याचं पुण्य घ्यायचं, याला काय म्हणावं? आमच्याकडे हुशार मुलाचं एक कौतुक असतं बघ. तो आकडे मांडून काही करत असला की घरच्यांना वाटतं, अभ्यासच करतोय. मुलगा दारू पीत नाही, मुलींमागे हिंडत नाही, मोबाइलवर टक्केवारी काढत बसतो, आणखी काय हवं!

मग कायदा आला, पैसे लावून खेळायचं ते सगळं बंद झालं म्हणून सांगितलं. मीही म्हटलं, सुटलो. डोंबल सुटलो! या सीझनला मुलांच्या मोबाइलवर कुठल्या कुठल्या लिंक आल्या, कुणी एजंट मेसेज करतो, पैसे त्याला पाठवायचे. आधी निदान जाहिरात तरी होती, आता तोंडही दिसत नाही. बाकीच्या मुलांनी थोडे दिवस खेळून सोडलं. बार्शीच्या मुलाला सुटेना. मला कॅप्टन विचारायचा बंद झाला. बडबड गेली. ताटात बघून जेवायचा, मोबाइल वाजला की दचकायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही काकू, सबमिशन आहे." आणि एका दुपारी मेसचं डिपॉझिट परत मागायला आला. आजी आजारी आहे, गावी जायचंय म्हणाला. मी आत पैसे काढायला गेले, तर मागून त्याचा रूममेट आला आणि हळूच म्हणाला, "काकू, देऊ नका. आजी वगैरे काही नाही. त्यानं परीक्षेच्या फॉर्मचे पैसे पण लिंकवर घालवले. फॉर्म भरायची मुदत संपत आलीये. वर्ष जाईल त्याचं. झोपत नाही तो, काहीबाही बोलतो." काय बोलतो ते त्यानं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

बाहेर येऊन मी त्या मुलाला म्हटलं, "पैसे देणार नाही. आणि तुझ्या घरी फोन करणार आहे." मागून चोरून करणार नव्हते मी. तो पांढराफटक पडला. "काकू, तुम्हाला काय अधिकार आहे?" अगदी तुझाच प्रश्न. मी म्हटलं, "काही नाही. तरी करणार." तू त्या एका बापाची चप्पल बघितलीस आणि जन्मभर गप्प बसलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण गप्प बसल्यानं मुलं वाचतात हे तुला कुणी सांगितलं? फक्त आपल्या डोळ्यांसमोर मार खात नाहीत, एवढंच.

फोन लावला. बाप गोड बोलला. "तसं काय नाही ओ ताई, खेळत असंल थोडंफार. आमच्या शाळेत बी सगळे खेळत्यात. ते स्किलचं असतंय. पोराचं डोकं चालतंय त्यात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "तुमच्या मुलाचा कॅप्टन गेल्या सीझनला कोण सांगायचं, माहिती आहे का?" म्हणाले, "कोण?" म्हटलं, "मी. मला क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नाही. आमच्या प्लंबरचं नाव होतं म्हणून मी एकाला कॅप्टन केलं आणि तुमचा मुलगा जिंकला. आता सांगा, स्किल कुणाचं? तुमच्या मुलाचं, माझं, की प्लंबरचं?" मग मी फॉर्मचं सांगितलं. रूममेटनं सांगितलेलं तेही सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "उद्या येतो." मी म्हटलं, "या. पण माझ्या दारात एक गोष्ट चालणार नाही. हात उचलायचा नाही. आधी जेवायचं, मग बोलायचं. हात उचललात तर मी पोलिसांना बोलवीन, बाप आहात की कोण ते बघणार नाही." ठेवला फोन. वर मान करून तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. मुद्दामच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. बारीकसा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत बायकोनं दिलेली शेंगांची चटणी. मुलगा कोपऱ्यात बसला होता. पळून गेला नाही, जायला पैसे तरी कुठे होते! मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि आमटीचं पातेलं घेऊन मधेच उभी राहिले. म्हटलं, बघू कोण उठतंय. बापानं मुकाट्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. मग मान वर न करता विचारलं, "लिंकवर किती गेले?" मुलानं आकडा सांगितला. मला वाटलं आता उठतो हा, माझा हात पळीवर घट्ट झाला. पण ते बसूनच राहिले, पोळीचा तुकडा ताटात फिरवत. मग म्हणाले, "माझे तुझ्यापेक्षा जास्त गेलेत. तुझ्या आईला माहीत नाही."

आई, मार खाल्ला असता तर परवडलं असतं, असा त्या पोराचा चेहरा झाला. बापाकडे बघतच राहिला. माझ्या तोंडातून निघालं ते माझ्याच स्वभावाचं. म्हटलं, "बरं झालं. मग दोघं एकाच डॉक्टरकडे जा, रिक्षाचं भाडं वाचेल." ते दोघंही हसले नाहीत. कोथरूडमध्ये एक समुपदेशक बाई आहेत, त्यांचा नंबर मी लिहून दिला. बापानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मुलगा ताटावरून उठला नाही. सगळं संपवून उठला.

फॉर्म भरला गेला, दंडासकट. ते दोघं त्या बाईंकडे गेले का, मला माहीत नाही. त्या घरात आईला काय सांगितलं, तेही माहीत नाही. इथे मात्र बातमी पसरली. चुगलखोर काकू म्हणून तीन-चार मुलं मेस सोडून गेली. शेजारची मेसवाली म्हणाली, "कशाला नाही ते अंगावर घेतलंत? आपला धंदा आहे." मी म्हटलं, धंदा तुमचा असेल, माझ्याकडे मुलं जेवतात. आता नवीन मुलगा आला की मी आधीच सांगते, घरचा नंबर दे, गरज पडली तर फोन करीन, पटत असेल तर बस, नाहीतर पुढच्या गल्लीत दुसरी मेस आहे. जातात काही, जाऊ देत. बसतात ते पोटभर जेवतात.

बार्शीचा मुलगा येत नाही. परवा डेपोपाशी दिसला, बसच्या रांगेत. तब्येत जरा बरी वाटली. मी हाक मारली. त्यानं बघितलं, नक्की बघितलं, आणि मान फिरवली. ज्याच्या गप्पांत रोज पोळ्या गार झाल्या त्या पोरानं मला ओळख दाखवली नाही. इतका वेळ तुला सांगतेय ना, बरं केलं, पुन्हा करीन, शंभरदा करीन. करीनच. पण ती मान फिरवली ते मला फार लागलं गं. घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडले. मुलांना यातलं काही कळता कामा नये, म्हणून हा कागद लिहून झाला की फाडून टाकणार आहे. आणि त्या दिवशी ओट्याशीही पुरतं रडता आलं नाही, संध्याकाळच्या कणकेची वेळ झाली होती.