हिरव्या वर्तुळाची कड

प्रिय चिंगी,

तुझ्या शाळेतल्या मुलांनी तुला वाढदिवसाला बनवून दिलेल्या त्या भल्यामोठ्या कार्डाचा फोटो आईनं मला तीनदा पाठवला. दोनदा चुकून आणि एकदा मी पाहिला की नाही याची खात्री करायला. पाहिला बाई. अक्षरं वाकडीतिकडी, तुझं नाक मात्र हुबेहूब. आणि माझ्या पोटात दुखलं. पंधरा वर्षं मी मायक्रोस्कोपच्या खोलीत बसते आहे, पण मला आजवर मिळालेलं एकमेव कार्ड म्हणजे गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. त्यावरचा फोटोही माझ्यासारखा दिसत नाही.

आधीच सांगते, हे पत्र तुझ्या प्रोबबद्दल, म्हणजे त्या शोधक रेणूबद्दल आहे. सहा वर्षांपूर्वी जो रेणू तू टाकून दिलास आणि ज्याच्यापायी प्रयोगशाळा सोडलीस, त्याबद्दल. तू हे आईला वाचून दाखवणार, तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून तिलाही कळेल असं लिहिते.

आई, आमच्या कपड्यांना कुजक्या अंड्यांचा वास यायचा आणि तू आम्हाला दारातच थांबवायचीस, आठवतं? तो हायड्रोजन सल्फाइड. गटारातला वायू म्हणून बदनाम, पण आपल्या शरीरातल्या पेशी तो अगदी थोडा थोडा स्वतःही बनवतात. जिवंत पेशीत तो कुठे आहे, कधी वाढतो, हे बघायचं तर वायू काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चिंगीनं एक रंगद्रव्य बनवलं. त्याच्या एका टोकाला नायट्रोजनचा एक तुकडा बसवलेला, त्याला अझाइड म्हणतात. तो आहे तोवर रंगद्रव्य विझलेलं. वायू भेटला की अझाइड मोडतो, आणि मग निळ्या प्रकाशात पेशी हिरवी चमकते. बनवायचं काम तिचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं माझं.

चिंगी, तुला तिथे आणलं मी. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे शब्द टाकला मी. पहिल्या दिवशी तुला हातमोजे कुठे असतात ते दाखवलं मी. आणि आठ महिन्यांत तू तो रेणू हातावेगळा केलास, ज्याच्या जवळपासचं काहीतरी बनवायला मी पूर्वी दोन वर्षं घालवून शेवटी मायक्रोस्कोपकडे वळले होते. मॅडम म्हणाल्या, “हिच्या हातांत जादू आहे हं!” आणि ते माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू तुला मीच जन्म दिला होता आणि मला आनंदानं भरून यायला हवं होतं. मी हसले. आतून अंगाचा तिळपापड झाला होता. बसमध्ये आपल्या दोघींच्या अंगाला सारखाच वास यायचा, पण लोक माझ्यापासून सरकून बसायचे आणि तुझ्याशी गप्पा मारायचे. हे कसं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

लहानपणापासून हेच. तुझ्या तापाला घरभर धावपळ, माझ्या तापाला “तू मोठी, तुला कळतं.” मला कळत होतं, हीच तर पंचाईत होती.

तर तो दिवस. दुपारचे तीन वाजले होते. तू दोन डिश आणून दिल्यास. दोन्हीत पेशी, दोन्हीत तुझं रंगद्रव्य. एकीत वायू सोडलेला. दुसरीत वायू नाही, वर पेशींना स्वतःचा वायू बनवू न देणारं औषध. ही दुसरी डिश काळीकुट्ट दिसायला हवी होती. ती काळी राहिली तरच पहिलीतल्या हिरव्याला अर्थ. तू तुझ्या अभ्यासक्रमाच्या तासाला गेलीस. मी काळी डिश लावली, निळ्या प्रकाशाचं शटर उघडलं, फोकस जुळवायला लागले आणि आईचा फोन आला. चिंगी जेवली का, तिचा फोन लागत नाही. मी जेवले का, हे आईनं विचारलं नाही. मी फोनवर नको तितकं बोलले, भांडलेच थोडी, आणि परत येऊन बघते तर डिश हिरवीगार.

मी डिश जराशी सरकवली. तेव्हा कड दिसली. हिरवं एक नेमकं गोल वर्तुळ, जिथे अकरा मिनिटं प्रकाश पडत होता तेवढंच. त्याच्या बाहेरच्या पेशी काळ्या, जशा असायला हव्यात तशा. कुणाही मायक्रोस्कोपवाल्याला एका नजरेत कळावं असं होतं ते: वायूचा संबंध नव्हता, प्रकाशानंच अझाइड मोडला होता. तुझा रेणू बरोबर होता. चूक माझ्या उघड्या शटरची होती. मी डिश परत मधोमध आणली, कड चौकटीच्या बाहेर राहील अशी, आणि फोटो काढला.

तुझा चेहरा पडलेला मला बघायचा होता. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा इतकं सरळ बोलले नव्हते.

तू म्हणालीस, “ताई, पुन्हा एकदा बघूया ना.” आपण दोनदा पुन्हा बघितलं. पहिल्या वेळची ती चूक होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी शटर मुद्दाम उघडं ठेवलं, फोकस जुळवते आहे असं दाखवत, घड्याळ बघून. तू माझ्या मागे उभी होतीस आणि तुला शंकासुद्धा आली नाही, कारण फोटो ताईनं काढला होता. प्रत्येक वेळी दोन्ही डिश सारख्याच हिरव्या. महिन्याभरात तू वही मॅडमच्या टेबलावर ठेवलीस, मला मिठी मारलीस आणि निघून गेलीस. मी मूग गिळून गप्प बसले. वाटलं होतं, आता तरी मला हायसं वाटेल. तर तू शाळेत रमलीस! रमलीस ती रमलीस, वर मुलांची लाडकी झालीस. एका माणसानं किती ठिकाणी आवडतं व्हावं याला काही मर्यादा असते की नाही?

गेल्या महिन्यात डीप फ्रीजर साफ करताना तुझी कुपी सापडली, काळ्या कागदात गुंडाळलेली, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली. आमच्याकडे एक चष्मेवाल्या बाई नव्यानं आल्या आहेत, दोन मुलांची आई, भयंकर काटेकोर. त्या साध्या लाल प्रकाशात फोकस जुळवतात आणि निळं शटर फोटोपुरतं, एका क्षणासाठी उघडतात. त्यांनी गेल्या आठवड्यात सहज म्हणून तुझं रंगद्रव्य पेशींवर घातलं. काळी डिश काळी राहिली. वायूची डिश इतकी सुंदर हिरवी झाली की मॅडम खुर्चीवरून उठल्या. मला विचारलं, मग त्या वेळी काय झालं होतं गं? मी म्हटलं, जुनं यंत्र होतं. खोटं बोलायला मला अर्धा क्षणही लागला नाही. चार दिवस तसेच काढले. काल मॅडमकडे गेले आणि जुन्या फोटोंच्या फाइल उघडून दाखवल्या. शटर किती वेळ उघडं होतं ते यंत्रानं तिन्ही वेळा नोंदवून ठेवलं आहे. मॅडमनी तिन्ही नोंदी स्वतः वाचल्या. मग फक्त म्हणाल्या, शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं. माझं नाव मीच काढायला सांगितलं, आणि आता तेही सलतंय.

माफी मागायला हे पत्र नाही, ती मागायचं तोंड मला नाही. सोमवारी मॅडम तुला फोन करणार आहेत. परत ये म्हणतील, तुझं अर्धवट राहिलेलं सगळं पुरं कर म्हणतील. आणि मला तू ठाऊक आहेस, विचार करून सांगते म्हणशील आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला लावशील: ताई, जाऊ का गं? तेव्हा मी काय करीन तेही मला ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांचं कसं होईल असं म्हणेन, आईचं वय काढेन, सहा वर्षांत विषय किती पुढे गेलाय ते अगदी मायेनं समजावेन, आणि तू माझं ऐकशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं मला आवरणार नाही, म्हणून आजच लिहून टाकते, सोमवारच्या आत तुला मिळेल असं. या वेळी मला विचारू नकोस.

तुझीच, अजून तुझ्यावर जळणारी,
ताई