जांभळीखालचं रान

६ जानेवारी ९४, गुरुवार
बारामतीच्या बाजाराचा दिवस. हौसा सणसरहून पहिल्या एसटीने आली. मेथी बाजारात देऊन रिकामी पाटी घेऊन व्हरांड्यात. चहा, मग साप्ताहिकातल्या माझ्या विज्ञानाच्या सदराच्या लेखाचं वाचन.

या वेळी विषय खारवट जमीन. 'केशाकर्षण' हा शब्द वाचला आणि तिने कप खाली ठेवला.

"आक्का, मातीत क्यास कुठनं आलं?"

खोडला. त्याऐवजी, दिव्याची वात तेल वर ओढते तशी माती पाणी वर ओढते. हे चाललं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून हाच रिवाज. हौसाला पोचत नाही ते छापखान्यात पोचत नाही. मला विज्ञान सुचतं ते अजून इंग्रजीतून, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांच्या आवाजात. मराठीत आणलं तरी त्याच्या पायात बूट राहतात. ते हौसा काढायला लावते.

तिच्या सुनंदाची सोयरीक वडगाव निंबाळकरला जवळजवळ ठरली. मुलगा डेअरीत नोकरीला, घरी बागायत. अकरावी-बारावी माझ्या घरी राहून केली या मुलीने. लग्नात मी मुलीची मावशी म्हणून उभी राहायचं, असा हुकूम झालाय. हौसा म्हणाली, "नवऱ्यामागं माझं म्हणून कोन हाय दुसरं?" नाक शिंकरायला आत गेले.

१३ जाने., गुरु.
लेख पुन्हा वाचला. कालवा आला, ऊस आला, दर पाळीला तुडुंब पाणी. खालची ओल वर वर येत गेली. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ मागे राहतं. माठाच्या बाहेर पांढरा थर धरतो तोच प्रकार. सगळं बरोबर, पण मेलेलं. डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. म्हणून हौसाचं रान घातलं. नाव नाही, फक्त 'सणसरच्या वाटेवर, कालव्याच्या खालच्या अंगाला, विहिरीजवळ मोठी जांभळ असलेलं एक रान'. कडेला पांढरी पापडी कशी धरली आहे, ऊस गुडघ्याइतका होऊन कसा पिवळा पडतो. लगेच लेखात जीव आला.

हौसा म्हणाली, "जांभळ कशाला घालताय?"

म्हटलं, झाड नसलं तर वाचणाऱ्याला रान कसं दिसणार?

"तुमी म्हनाल तसं."

आणि कळलं का विचारलं तर, "माझंच रान, मला कळंना व्हय?" पाटी उचलून गेली. सुपारी फोडायच्या दिवसासाठी पातळं बघायची होती.

शेवटचा परिच्छेद उपायांचा. चर खणून खालचं पाणी काढून द्यायचं, ताग पेरून गाडायचा, पाणी मोजून द्यायचं, एक-दोन वर्षं उसाचा मोह सोडायचा. जमीन माघारी येते. हा परिच्छेद मला सगळ्यांत आवडला.

१५ जाने., शनि.
अंक आला. उपायांचा परिच्छेद नाही. त्या जागी एका पतसंस्थेच्या चेअरमनचा फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, शुभेच्छुकांची रांग. गळ्यातला हार चेहऱ्यापेक्षा हुशार दिसतो आहे.

रोग छापला, औषध कापलं.

१७ जाने.
छापखान्यात जाऊन आले. संपादक महाशय पान खात होते. "बाई, पुढच्या अंकात घेऊ की. लोकांना उत्सुकता राहते." म्हटलं, डॉक्टर तुमच्या घरी येऊन कॅन्सर सांगेल आणि औषध पुढच्या शनिवारी सांगतो म्हणेल, तेव्हा ठेवा उत्सुकता. हसले. यांना माझं बोलणं हे सदरासारखंच फुकट मिळणारं काहीतरी वाटतं.

२० जाने., गुरु.
हौसा आली नाही. सुपारीच्या गडबडीत असेल. नवा लेख, पृथ्वीच्या आसाचा, तसाच राहिला. भिंतीला वाचून दाखवला. भिंतीला सगळंच कळतं.

२१ जाने.
हे नीट लिहून ठेवते.

सकाळी एक गृहस्थ आले. साठीचे, पांढरा फेटा, हातात गुळाची ढेप फडक्यात बांधलेली. "लेखवाल्या बाई तुमीच का?" म्हणाले. आत घेतलं. खिशातून माझ्या लेखाचं कात्रण काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं. इतक्या वर्षांत माझा लेख कुणी खिशात बाळगलेला पाहिला नव्हता.

"बाई, आमच्याकडं बी जमिनी बिघडल्यात. सायब लोक येत्यात, जड जड बोलत्यात, जात्यात. ह्यो लेख म्या एकदाच वाचला आनि उजेड पडला. वात आनि तेल. माठ. अक्षी घरातलं." सुनेकडूनही वाचून घेतला म्हणाले. तिलाही कळला.

मी दुसऱ्यांदा चहा टाकला. साखर जास्त घातली. काय सांगू, हवेत होते.

म्हणाले, "एके ठिकानी सोयरीक करनार हुतो. लेक एकुलती, रान पुढं तिचंच. लेख वाचला आनि गेलो बघायला. ढेकूळ उकरलं, जिभंला लावलं. खारट. तसाच माघारी फिरलो. तुमी आमाला वाचिवलं."

आणि मी म्हणाले, "बरं केलंत. वेळेवर कळलं."

माझे शब्द आहेत. आहेत तसे लिहिते.

मग विचारलं, आपण कुठले?

"वडगाव निंबाळकरचा."

तेव्हाच त्यांची नजर भिंतीवर गेली. सुनंदाचा फोटो आहे तिथे, बक्षीस घेतानाचा, शेजारी मी. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चहा तसाच ठेवला.

"ही पोरगी हितं कशी?"

सांगितलं. उपायांचा कागद टेबलावर होता, तोही वाचून दाखवला, सगळा. चर, ताग, पाणी. म्हटलं, आबा, जमीन माघारी येते. छापायचं राहिलं, जाहिरात आली म्हणून.

"विलाज असता तर तवाच छापला नसता का? मागच्या हप्त्यात तुमी परक्या हुता, तवा खरं लिवलं. आता तुमी त्यांच्यातल्या. वाईट वाटून घिऊ नका. पोरीत काय खोट न्हाय."

उठले, नमस्कार केला, गूळ ठेवून गेले. फार सभ्य माणूस. आयुष्यात मला मिळालेला सगळ्यांत चांगला वाचक.

२२ जाने., शनि.
उपाय छापून आले. चौथ्या पानावर, चौकटीत. माझ्या नावात छपाईची चूक.

२७ जाने., गुरु.
बाजारात हौसा दिसली. मी हाक मारली. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि गर्दीत शिरली. भर बाजारात मी पिशवी घेऊन उभी. भाजीवाली म्हणाली, "बाई, घेनार का न्हाय?" काय घेतलं आठवत नाही. घरी आल्यावर पिशवीत दुधी निघाला. मला दुधी आवडत नाही.

मी काय खोटं लिहिलं? माझ्या लेखणीने जमीन खारवली का? कालवा मी खणला? सगळ्या गावाने वर्षानुवर्षं ते पांढरं पाहिलं होतं, हौसानेही पाहिलं होतं. मी फक्त ते का होतं ते सांगितलं. पाहिलेलं चालतं, सांगितलेलं चालत नाही, असला हा समाज. आणि मुलीला रानाच्या भावाने बघायला येतो त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला मी चहा पाजला.

(संध्याकाळी.) जांभळ कशाला घालताय, असं तिने विचारलं होतं. प्रश्नच होता तो. तिने मला आजवर कधी 'नको' म्हटलेलं नाही. मी मास्तरीण. 'कळलं का' हे एकच विचारायची मला सवय. 'चालेल का' हे आमच्या दोघींच्यात कधी आलंच नाही.

३ फेब्रु., गुरु.
सुनंदा आली. आईऐवजी मेथी घेऊन. बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी. याच घरात हिने जमिनीवर लोळत पुस्तकं वाचली आहेत.

"बाई, आई म्हणते एक खुलासा छापा. त्या लेखातलं रान सणसरचं नव्हतं, एवढंच."

म्हटलं, अगं, त्या माणसाने माती चाखली आहे. खुलाशाने ती गोड होणार आहे का?

"त्यांचं सोडा. ते गेले. गावात आता मला खाऱ्या रानाची म्हणतात. इंदापूरकडून एक जण येणार होते, ते पण आले नाहीत. छापील आलं ना, बाई. तोंडी असतं तर विसरले असते."

मी बोलत सुटले. खरं ते खरं, एकदा खोटा खुलासा दिला की माझ्या कुठल्याच ओळीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि तूच शास्त्राची विद्यार्थिनी असून. वर्गातला आवाज लागला. ती वर्गातल्यासारखीच ऐकत राहिली. मग म्हणाली,

"तुमचं बरोबर आहे. शाळेत पण तुमचं बरोबरच असायचं."

आणि गेली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

५ फेब्रु., शनि.
खुलासा लिहून पाहिला. दोन ओळी. दहा वेळा वाचला. भाषा स्वच्छ, कुठेही अडत नाही. फाडला. पुन्हा लिहिला. पुन्हा फाडला. सदर या आठवड्याला नाही. छापखान्याला 'प्रकृती' म्हणून कळवलं. तेवढं मात्र खोटं नव्हे.

१० फेब्रु., गुरु.
संपादक महाशय रस्त्यात भेटले. सणसरला कुणाच्या तरी सत्काराला गेले होते. दात कोरत म्हणाले, "बाई, तुमच्या लेखातलं झाड गेलं की. तोडलंय. नुसता बुंधा राहिलाय." वर, "आता ओळखायचं कसं तुमचं रान?" आणि हसले.

ओळखायचं कसं. म्हणूनच तोडलंय, मूर्ख माणसा.

घरी येऊन बसले ती बसलेच. त्या रानात खालचं पाणी वर येऊ न देणारं जर काही होतं, तर ते झाड. मुळं खोल, दिवसरात्र पाणी ओढून पानांतून हवेत सोडणारं. फुकटचा पंपच. ते तोडलं म्हणजे मीठ आता विहिरीच्या बाजूनेही चढेल. हे मी लेखात लिहिलं नव्हतं. जागा नव्हती. जांभळ मी घातली ती नुसती दिसायला म्हणून.

रडले. वयाला शोभत नाही.

१३ फेब्रु., रवि.
सणसर. दुपारच्या एसटीने आले. पिशवीत खुलासा नाही. चराचा नकाशा आहे, कालवा कुठे, उतार कुठे, पाणी ओढ्याकडे कसं काढायचं. रात्री जागून नव्हे, सकाळी नीट बसून काढला, वर्गात काढायचे तसा, पट्टी घेऊन.

रानातून चालत गेले. बुंधा पाहिला. अजून ओला आहे. कडेची पापडी पायाखाली करकरते.

हौसा गोठ्यात होती. मला पाहिलं, शेणाचे हात धुतले. घोंगडं अंथरलं.

"बसा, बाई."

आक्का नाही. बाई. सगळ्या बारामतीची असते तशी. तांब्या-भांडं ठेवलं. मी म्हटलं, हौसा, चुकलं माझं. तुझं रान, मी तुला विचारायला हवं होतं.

ती म्हणाली, "तुमी काय खोटं लिवलं न्हाय."

"तरी चुकलं."

"व्हय. चुकलं." आणि तांब्या माझ्याकडे सरकवत, "मला वाटलं, तुमी वाचून दावताय ते माझ्यासाठी. समद्या मुलखासाठी हाय, ते माझ्या ध्यानातच येत नसायचं. आपन दोघी बसायचो, च्या प्यायचो. वाटायचं, आपल्यातलंच हाय."

 

नकाशा काढून घोंगड्यावर पसरला. झाडाबद्दल सांगणार होते. सांगितलं नाही. तोडलेल्या झाडाचं शास्त्र सांगून काय करायचं? चर मात्र उन्हाळ्याआधी व्हायला हवा, एवढं बोलले. हौसाने नकाशाकडे पाहिलंच नाही. सुनंदा दारातून आली, वाकून बघायला लागली.

"बाई, हा ओढ्यापर्यंत न्यायचा? खोल किती?"

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात हौसा म्हणाली, "सुनंदे, म्हशीला पानी दाव." सुनंदा गेली. पण जाताना नकाशा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर तांब्या ठेवून गेली.

हौसा आत गेली. मी पडवीत. हे इथेच लिहिते आहे, नकाशाच्या पाठीमागे नाही, डायरीत.

परतीची एसटी फाट्यावर हॉर्न देऊन गेली. जा म्हणून कुणी म्हणालं नाही. राहा म्हणूनही नाही. चूल पेटली आहे, आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे. किती जणांच्या, ते इथे बसून कळत नाही.