फडावरून मूकपटात

९ नोव्हेंबर २०१४, अल अमेरात, ओमान
विनय आणि सूनबाई कामावर गेले की घरात फक्त एसी बोलतो. आज नसीमाचा फोन. मूळची रत्नागिरीची, मस्कतमधल्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या शाळेत शिकवते, हौसेने छोटे सिनेमे करते. इथल्या मराठी मंडळात मी बायकांच्या हक्कांवर भाषण केलं, तेव्हाच तिने मला हेरलं म्हणे. मूकपट करतेय. "काकी, एकही वाक्य नाही." आणि हे मला. तमाशात माझी बतावणी माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जायची. हो म्हणाले.

१४ नोव्हेंबर
निझव्याला सूकबाहेर, म्हणजे जुन्या बाजाराबाहेर, शूटिंग. मुलाची वाट पाहणारी आई. दर वेळी माझी नजर थेट कॅमेऱ्यात. फडावर प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघूनच खेळायचं, नजर चुकवली तर त्याचा अपमान. जन्माची खोड.
"काकी, समोर कुणी नाहीये असं समजा."
"कुणी नसेल तर करू कुणासाठी?"
हसली. ऊन उतरलं तसं म्हणाली, "खलास, उद्या तुमच्या घरी करू."

१५ नोव्हेंबर
विनय बाहेर गेलेला. नसीमा म्हणाली, "रोज दुपारी जे करता, तेच करा." खिडकीशी बसले. फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. कॅमेरा विसरले. बराच वेळ ती 'कट' म्हणालीच नाही.
छान झालं म्हणे. यात अभिनय कुठला...

२३ नोव्हेंबर
सिनेमात माझ्या नावाखाली नसीमा 'तमाशा कलावंत' लिहिणार. विनयला जेवताना सांगितलं. घास तसाच राहिला.
"आई, इथे सगळे तुला रिटायर्ड शिक्षिका समजतात."
"कुणी सांगितलं त्यांना?"
"मी."
सूनबाई भात वाढत राहिली. वाईट नाही तो. माझ्याच नाचण्यावर शिकला, तेही विसरलेला नाही. कलावंतांच्या मोर्चात मी भल्याभल्यांना निरुत्तर केलंय. आज पोटच्या पोरापुढून ताट उचलून आत गेले. कला लाजिरवाणी नसते, लाजणारे लाजिरवाणे, असं व्यासपीठावरून किती वेळा...

५ डिसेंबर
आज मंडळात सिनेमा. सकाळी नसीमा: "काकी, काय लिहू शेवटी?" म्हटलं, नुसतं नाव लिही. सिनेमानंतर मला दोन शब्द बोलायचे आहेत ना, मी कोण ते मीच सांगेन.
नऊवारी नेसले. विनयने गाडी काढली, वर येऊन माझ्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या. असं केलं की बोलणं अवघड होतं.
"झालं का, आई?"
काय बोलणार आहेस, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. निघते.