टाकीतली गाबोळीवाली

मंगळवार, २१ नोव्हेंबर

एकही मेली नाही!

गावातून होडीने बेटाच्या त्या टोकाला, तिथल्या धावपट्टीवरून इवल्याशा विमानाने सान्तियागो, मग मोठ्या विमानाने उत्तरेला आन्तोफागास्ता. एवढा प्रवास ओल्या भुशात गुंडाळून केला आमच्या शेवंडींनी, आणि हॉटेलच्या टाकीत सोडल्याबरोबर मिशा हलवायला लागल्या. मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसले.

इथल्या मुख्य आचारी नोर्माताई. रुंद हाडाच्या, मोठ्या आवाजाच्या. मला उठवलं, पावावर मीठ घातलेला एवोकॅडो थापून हातात दिला आणि म्हणाल्या, "शेवंडींचं झालं, आता पोरीने खायचं." हॉटेलात मला खोली दिली आहे, पण त्या म्हणतात माझ्याच घरी राहा, एकटी काय करशील. ओळख अर्ध्या तासाची! माणसं इतकी चांगली असतात हे मी घरी सांगितलं तर चुलतभाऊ म्हणेल, झाली ही प्लास्टिक. (आमच्या बेटावर मुख्य भूमीच्या माणसाला प्लास्टिक म्हणतात. निघताना त्याने बजावलंच होतं, जाताना लाकडाची आहेस, येताना तशीच ये.)

बुधवार, २२ नोव्हेंबर

झोप छान लागली. इथे एकही झाड आपणहून उगवत नाही. डोंगर उघडे, भाजलेल्या मातीचे. आमच्याकडे दगडालासुद्धा शेवाळ धरतं. तरी समुद्र आहे, तेवढ्यावर माझं भागतं.

शनिवारी हॉटेलात मोठी मेजवानी. शहरातली बडी माणसं येणार. शेवंडी आवडल्या तर हॉटेलचे मालक यारकोविच साहेब आमच्या संघाशी करार करणार आहेत. म्हणजे हंगामभराचा माल दलालाला न देता सरळ इथे. एलिसेओकाका आमच्या मच्छीमार संघाचे अध्यक्ष. बैठकीत ते म्हणाले, यास्नाला पाठवू. जन्म समुद्रात काढलेली माणसं समोर बसली होती, आणि पाठवलं मला! घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, म्हणून. मला त्या दिवशी रडू आलं. अजूनही लिहिताना येतंय.

पण खरं तर हे दादामुळे. मी वालपराइसोला कॉलेजात गेले त्या वर्षी ब्राउलिओदादा बाबांची होडी सोडून इथल्या तांब्याच्या खाणीत आला. माझा खर्च त्यानेच उचलला. मी नको म्हणत होते, तर म्हणाला, "होडीत बसलीस की तुला उलट्या होतात. तू शीक. मला होत नाहीत, मी कमावतो." जणू केवढा साधा हिशोब!

करार झाला तर दादा परत येईल. दलालाच्या भावात आमच्या होडीवर एकच माणूस पोसला जातो, सरळ विक्रीवर दोन. बाबांचा खांदा आता वर जात नाही, त्यांना जोडीला कोणीतरी हवंच. हे कोणी मोठ्याने बोलत नाही. पण निघताना आईने माझ्या पिशवीत दादाचे जुने मोजे घातले. "त्याला दे" म्हणाली नाही. "त्याचं माप तेच आहे का बघ" म्हणाली.

दादाची पाळी उद्या संपते. सात दिवस डोंगरावर, सात दिवस खाली. उद्या भेटेल!

गुरुवार, २३ नोव्हेंबर

काय करू?

सकाळी टाकीचं पाणी बदलताना सगळ्यांत मोठी मादी उचलली. शेपटीखाली अंड्यांची गाबोळी. नारिंगी, गच्च, द्राक्षाच्या घोसासारखी. बेटावरून निघाली तेव्हा नव्हती, मी स्वतः एकेक तपासून भरली होती. इथे टाकीत नर-मादी एकत्र ठेवले. चूक माझीच. कॉलेजात हे शिकले आहे, आणि घाईत विसरले.

नोर्माताईंना दाखवलं. म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात लग्न लागलं आणि मला आमंत्रण नाही?" मी हसले नाही, तेव्हा त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

आमच्याकडे गाबोळीवाली हाती लागली की तशीच परत समुद्रात. पणजोबांच्या आधीपासून असंच आहे. बघायला कोणी नसतं. खडकामागे आपण, सापळा आणि पाणी. मी लहान होते तेव्हा एकाने गाबोळी ब्रशने खरवडून मादी विकली. ते कळलं. कोणी त्याला शब्दाने बोललं नाही. फक्त संध्याकाळी तो किनाऱ्याला लागला तेव्हा त्याची होडी वर ओढायला कोणी पुढे झालं नाही. तो आणि त्याची बायको, दोघंच ओढत होते. होडी वर यायची, घसरायची. आम्ही सगळे उभे होतो. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता, मी जाऊ नये म्हणून की त्यांनी जाऊ नये म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

दुपारी यारकोविच साहेबांकडे गेले. वाईट माणूस नाही. बसायला सांगितलं, चहा मागवला. पण ती मादी त्यांनी पहिल्याच दिवशी मधल्या टेबलासाठी निवडून ठेवली होती. गाबोळी आहे म्हटल्यावर खूशच झाले, भातावर घालू म्हणाले. मी आमची रीत सांगितली. त्यांनी विचारलं, पकडली तेव्हा गाबोळी होती का? नव्हती. मग रीत कुठे मोडली? माझ्या टाकीत झालं ते, म्हणाले.

मी म्हटलं, नुसती दाखवा, शिजवू नका. तर म्हणाले, "मुली, लोक जे बघतात तेच खायला येतात." दुसरी कुठलीही घ्या म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की एका शेवंडीसाठी पहिल्याच मेजवानीला अडणारा संघ उद्या पूर्ण हंगामात कशाकशाला अडेल, याचा त्यांना विचार करावा लागेल.

त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

एलिसेओकाकांना फोन केला. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. सगळं सांगितलं, काय करू विचारलं. मग म्हणाले, "इथे बसून हो-नाही म्हणणं सोपं आहे, बाळ. टाकीपुढे तू उभी आहेस. म्हणून तर तुला पाठवलं."

मला वाटलं होतं ते सांगतील आणि मी ऐकेन.

संध्याकाळी दादा आला. बारीक झालाय. ओठ फुटलेत, खाणीतल्या सगळ्यांचेच फुटतात म्हणे. नोर्माताईंनी त्याला दोनदा वाढलं. मी त्याला काहीच सांगितलं नाही. मोजे दिले. त्याने तिथेच बूट काढून घातले आणि पाय टेबलाखाली लांब केले. करार गेला तर जाणार कोणाचं? माझं काय, मला नोकरी मिळेल. जाणार त्याचं.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

दादाने सकाळी विचारलं, "बघू तरी आपली माणसं." टाकीशी नेलं. चार वर्षांत त्याने शेवंड हातात धरली नव्हती. बाही वर केली, हात घातला, आणि नेमकी तीच उचलली. मोठी म्हणून. मी म्हणणार होते थांब. त्याने सवयीने ती उलटून धरली.

बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं, करार, यारकोविच साहेब, भात, एलिसेओकाका, आणि करार गेला तर तू इथेच अडकशील दादा, हेही.

तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मादी तशीच हातात, अंगठा गाबोळीपासून लांब, बाबा धरतात तसा. माझं संपल्यावर नोर्माताईंकडे वळला.

"गोणपाट आहे का? ओलं लागेल."

बस. एवढंच. माझ्याशी एक शब्द नाही!

नोर्माताईंनी बटाट्यांचं पोतं रिकामं केलं. बटाटे फरशीभर. त्यांच्या हाताखालची माणसं हसत होती, पण खोकं तळाशी बर्फ घालून त्यांनीच बांधून दिलं. मी वर जाऊन यारकोविच साहेबांना सांगितलं. मागून पळवली असं व्हायला नको. ते खिडकीकडे बघत म्हणाले, बाकीच्या तरी नीट शिजू दे.

दादा दुपारच्या विमानाने खोकं घेऊन सान्तियागोला गेला. मेजवानीपर्यंत मला थांबणं भाग होतं. उद्या बेटाचं छोटं विमान सुटतं, वैमानिकाच्या हाती खोकं द्यायचं, तिकडे बाबा उतरवून घेतील. नंतर दोन दिवस वालपराइसोच्या मित्राकडे राहून पाळीपर्यंत परततो म्हणाला. विमानतळावर मला रडू फुटलं तर म्हणाला, "शेवंडीला खारं पाणी लागतं हे खरं, पण एवढं पुरायचं नाही."

शनिवार, २५ नोव्हेंबर

मेजवानी सुंदर झाली. नोर्माताईंनी काही शेवंडी आमच्या बेटावरच्या पेरोल या रश्श्यासारख्या एकाच मोठ्या भांड्यात मासे घालून शिजवल्या. मी फक्त सांगत होते, हात त्यांचे. एका म्हाताऱ्या पाहुण्याने भांडं पावाने पुसून खाल्लं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

शेवटी यारकोविच साहेबांनी बोलावलं. माल उत्तम आहे, तुम्ही माणसं प्रामाणिक आहात, पण करार करता येणार नाही. वर्षभराचं हॉटेल असं चालवता येत नाही. हे बोलताना त्यांनाच अवघड होत होतं. निघताना मला ऑलिव्हची मोठी बरणी दिली, तुमच्या आईला द्या म्हणाले. मी आभार मानले. मनापासून मानले. माणूस आपल्याला नाही म्हणतानाही चांगला राहू शकतो, हे शिकायला मी एवढ्या लांब आले असेन.

पण दादा!

रविवार, २६ नोव्हेंबर

बाबांचा फोन. मादी पोचली, गाबोळी शाबूत, त्यांनी आमच्याच जागेवर नेऊन सोडली. "थोडी घुटमळली, मग गेली खाली." आवाज फार खूश होता. करार गेला हे त्यांना कळलंय. तरी खूश. मला राग आला, मग रागाची लाज वाटली.

एलिसेओकाकांनाही सांगितलं. म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "माझ्या होडीला रंग द्यायचाय, लवकर ये." मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

सान्तियागोला आले. निघताना नोर्माताईंनी मिठी मारली ती सुटेचना. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना बेटावर बोलावलंय. म्हणाल्या, "येईन, पण टाकीतली लग्नं मी लावणार."

बेटावर वारा आहे, विमान नाही.

बुधवार, २९ नोव्हेंबर

अजून वारा. विमान कंपनीच्या बाकावर बसून हे लिहितेय. शेजारी आमच्याच गावच्या एक बाई, हातात नातवासाठी सायकलचं चाक. आम्ही ऑलिव्ह खाल्ले, आईसाठी निम्मे ठेवले.

विचार करतेय. दादाने चार वर्षं डोंगर खणून मला शिकवलं. त्याच्या परतीची एक वाट होती, ती मी बंद केली. आणि बंद करायला त्यानेच हात लावला. याची परतफेड होत नाही. मला वाटतं, ती करायचीही नसते. पुढे द्यायची असते. मी गावातच शाळा काढीन. शेवंडी जपायच्या आणि विकायच्या कशा, त्याची. दलालाला सोडून दुसरा कोणी शोधीन, असा की जो गाबोळीचं ऐकून कप खाली ठेवणार नाही. दादाला परत आणीन. कितीही वर्षं लागोत.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

सकाळी खाणीच्या मुकादमाचा फोन. पाळीची बस वर गेली, ब्राउलिओ आला नाही, नातेवाइकांत तुमचाच नंबर आहे. दादाचा फोन बंद. बाबांना लावला.

"अगं, तो इथेच आहे," बाबा म्हणाले. "शनिवारपासून. खोक्यावर पाणी मारायला कुणीतरी हवं म्हणून विमानात चढला, मग मादी सोडायला होडीवर आला. परत जायचं नावच काढत नाही. तुला सांगू नका म्हणाला, रागावशील म्हणून. करार नाही तर नाही म्हणतो, जे मिळेल त्यात भागवू. थांब, देतो त्याला."

त्याने फोन घेतला नाही. हात ओले आहेत म्हणाला.